लक्ष्मीपूजनाला घासलेलं नाणं

"घासायचं नाही हं!" गिऱ्हाइकाच्या हातात पदक देण्याआधी आमच्या वहिनी अशी ताकीद द्यायच्या. तीही मराठीत. सोबत तर्जनी अशी नाचायची, की समोरच्या जर्मन माणसालाही ती कळायची.

नात्यातल्या नव्हेत, शेजारच्या; जर्मनीत इंगोलश्टाटला त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. संध्याकाळच्या वर्गात चांदीकाम शिकून त्यांनी तळघरात, आपल्या वाट्याच्या केलरमध्ये, टेबल मांडलं होतं. जुन्या स्पॅनिश जहाजांबरोबर बुडालेली चांदीची नाणी आणायच्या आणि कडा बसवून त्यांची पदकं करायच्या. नाणी वेडीवाकडी, समुद्राने काळी केलेली, एका बाजूला पुसट क्रूस.

"चांदी आहे, तर चमकू द्या की," मी एकदा म्हणालो.

"भाऊजी, त्या काळ्याला तीनशे वर्षं लागलीत. तुमच्या गाडीचा रंग आहे का तो?"

मी हातातलं नाणं परत टेबलावर ठेवलं.

२०१५च्या सुमाराची गोष्ट. एका वयस्कर जर्मन बाईंनी त्यांच्याकडे एक नाणं दिलं होतं. बाईंचा पाणबुड्या नवरा ते जन्मभर गळ्यात घालायचा. तो गेल्यावर बाईंना ते स्वतःसाठी कडेत बसवून हवं होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या न्यायला येणार होत्या.

पूजेला आम्हीही खाली गेलो होतो. वहिनींनी पूजेच्या ताटावरचा रुमाल काढला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. साताऱ्याहून आलेल्या त्यांच्या सासूबाईंनी दुपारी टेबलावरची सगळी नाणी आणून रांगोळीने पांढरीशुभ्र घासली होती. बाईंचंही. त्यावरचा क्रूस पार गेला होता. शर्टाच्या बटणासारखं गुळगुळीत.

"काळी लक्ष्मी कशी पुजायची गं?" सासूबाई कौतुकाची वाट बघत म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली.

बाईंनी नाणं तळहातावर उलटंपालटं केलं. "हे त्याचं नाही."

"त्याचंच आहे," वहिनी जर्मनमध्ये म्हणाल्या. "मी घासलं. चूक माझी."

मला धक्काच बसला. "अहो वहिनी..."

"गप्प बसा, भाऊजी."

"काय म्हणतेय गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणतायत, फार लख्ख झालंय, आई."

सासूबाई खुलल्या, त्यांनी चकल्यांची बशी पुढे केली. बाईंनी एक चकली घेतली, नाणं ताटात ठेवलं आणि निघून गेल्या.

वहिनी ते नाणं घेऊन तशाच त्यांच्यामागे धावल्या. परत आल्या तेव्हा पायमोजे ओले होते आणि मूठ मिटलेलीच, नाणं आत.

"लक्ष्मीच्या वेळेला दार उघडं टाकून कुठे गेलीस?"

"आले, आई. आरती सुरू करा."

वसंतात ते कुटुंब बाड हॉम्बुर्ग या गावी राहायला गेलं. सामान काढताना मी केलरमधल्या, धूळ बसलेल्या टेबलाला हात घातला, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या ते. तुम्हाला होईल."

त्यावर आता आमचे हिवाळी टायर असतात.