गुणवंताचं उचकीवालं गाणं

सौसरच्या पानठेल्यावर ही गोष्ट हळू आवाजात सांगत, म्हणजे चार दुकानांपलीकडे ऐकू जाई. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुणवंतानं टेपवर गाणं भरायला छिंदवाड्याच्या ऑर्केस्ट्रातली बाई आणली, आणि तेव्हापासून त्याची बायको उर्मिला त्याच्याशी एक अक्षर बोलत नाही. त्या बाईच्या साडीचा रंगही लोकांना ठाऊक होता. दर आठवड्याला वेगळा.

गुणवंताला वेड एकाच तबकडीचं. भंगारात सापडलेली, अमेरिकेची. त्या संगीताला रॉकाबिली म्हणतात म्हणे. जाड तारेवर थापा मारल्यासारखा ठेका, गाणाऱ्याच्या मागे धावणारा त्याचाच पडसाद, आणि मधेच उचकी लागल्यागत तुटणारा सूर. शब्द एक कळत नसे, पण टाच गप्प बसत नसे. उर्मिला म्हणे, आला यांच्या अंगात गोरा म्हसोबा.

मग नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या गळ्यातली गाठ पाहिली आणि सांगितलं, मंगळवारी स्वरयंत्र काढू. जीव वाचेल, आवाज जाईल. गुणवंतानं साऱ्या तालुक्याचे रेडिओ बोलते केले होते. बायकोचा आवाज मात्र एकाही टेपवर नव्हता. बाहेर बोलायची सोय नव्हती. पोरीचं, शिवानीचं, पांढुर्ण्याला जमत आलं होतं. आजाराचं कळलं तर पाहुणे फिरले असते.

रविवारी दोघं बोरगावच्या कापसाच्या बंद जिनिंगमध्ये गेले, तिथं आवाज छान घुमतो म्हणून. सोबतीला एकटा दादाराव, भजनातला मित्र. त्यानं संत्र्याच्या पेटीवर तार ताणून थाप धरली. गुणवंतानं दोन टेप अशा जोडल्या की एकीचा आवाज दुसरीतून क्षणभर उशिरा यावा. उर्मिलानं कापूस वेचतानाचं गाणं म्हटलं, अख्खं, स्वच्छ. पडसाद नीट बसला नाही म्हणून त्यानं ते पुसलं. दुसऱ्या खेपेला तिचा सूर मधेच तुटला. ती ओशाळून थांबली. हा मात्र उठून उभाच राहिला.

"अवो, हेच तं पाहिजे होतं! तबकडीत असंच हाये. पुन्हा घे तसंच."

"लय जोर लागून राहिला जी."

"एक डाव. शेवटचा."

असे चार शेवटचे झाले. ठेवला तो चौथा.

मंगळवारी गाठ गेली, आवाजही गेला. पुढं शिवानीच्या लग्नात दादारावानं ते गाणं डीजेला देऊन टाकलं. सारा मांडव नाचला. पोरं ती उचकी काढून दाखवू लागली. विहीणबाईंनी कौतुकानं विचारलं, गाते कोण? गुणवंताच्या तोंडून निघून गेलं, "छिंदवाड्याची हाये एक बाई." शेजारी गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून उर्मिला उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहुण्यांना पेढे द्यायला पुढे गेली.

छिंदवाड्याहून कोणी बाई आली नव्हती. गाणारी उर्मिलाच होती. त्या गाण्यात उचकी नाही. गाठीमुळे तिचा श्वास अडत होता, आणि नवरा पुन्हा गा म्हणत होता.