गजाकाकांनी परत पाठवलेलं पुस्तक

श्रीवर्धन, दिवेआगर, माणगावच्या माझ्या माणसांनो,
परीक्षेला काय वाचायचं, हे आपल्याला दर वेळी परीक्षा संपल्यावर कळतं.

आज गजाकाकांचा स्मृतिदिन. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ.
दर वर्षी फोटोला हार घालतो आणि गप्प बसतो. या वर्षी बसवत नाही.

गोष्ट इंग्रजांच्या काळातली, एकोणीसशे तीसच्या पुढची. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता.

आमच्या श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातले पहिले मॅट्रिक म्हणजे गजाकाका. मुंबईच्या एका शेठनं त्यांना फ्लाइंग क्लबात घातलं. विमान उडवायला ते शिकले.
पण पगारावर उडवायचं तर कमर्शियल लायसन्स हवं. त्याला लेखी परीक्षा.
शेठची अट होती, पहिल्या फटक्यात पास, नाहीतर घरी.

क्लबातल्या एका सीनियरनं चार पुस्तकं निवडायला दिली. ती घेऊन काका गावी आले. ऐपत तीनच विकत घेण्याची. चौथं त्याच संध्याकाळच्या आगबोटीनं मुंबईला परत जाणार.

कोणतं?

आमच्याकडे असले निर्णय घरात होत नसत. होडीवर होत, सगळे खलाशी बसवून. माझे आजोबा तांडेल, म्हणजे त्या होडीचे कप्तान. त्यांनी शिडाच्या कापडावर पुस्तकं मांडली. काका ती बैठक मला नकला करून सांगायचे.

"ह्ये कसलं?"
"इंजिनाचं, बाबा."
"ठेव. आपल्या होडीला इंजिन न्हाय, तुला कोन शिकवल?"

"आन ह्ये?"
"कायद्याचं."
"ठेव बाबा, ठेव! सरकार आभालात पन शिपाय उभा करल!"

दिशा ओळखायचं पुस्तकही ठेवून घेतलं. वर खुणेला डोंगर नसतो, हे सगळ्यांना पटलं.

उरलं हवामानाचं.
होडी हसून हलली म्हणे.

आजोबा म्हणाले, "वारा? पुस्तकातनं? आरं गजा, सायबाला वारा ठाव असता तर आगबोट कोलशावर चालवली असती का?"

काकाही हसले. पुस्तक परत गेलं.

परीक्षेत प्रश्न आला. विमानाच्या पंखांवर बर्फ कधी धरतो, आणि तेव्हा काय कराल?

श्रीवर्धनच्या कोळ्याच्या पोरानं बर्फ पाहिला कुठे होता?
त्यांनी दक्षिणेचा वारा लिहिला. पावसाआधीचे ढग लिहिले. समुद्राचा रंग लिहिला. सगळं खरं. विचारलेलं त्यातलं काहीच नाही.

बाकीचे पेपर सुटले. हवामानात नापास.
शेठनं अट पाळली.

पुढे काका आयुष्यभर आजोबांच्याच होडीवर गेले. डोक्यावरून विमान गेलं की सगळा वाडा वर बघायचा. काका जाळं विणत राहायचे.

मी कॉलेजात असताना तावातावानं म्हणालो, "काका, अडाणीपणानं तुमचा घात केला."
पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले.
"माज्या बापाला अडानी म्हनतोस? त्याला वारा कलत व्हता. पन वरचा वारा बघितलेला येक मानूस त्या होडीवर न्हवता. येक असता तरी झालं असतं."

मित्रांनो, आयुष्यभर मी व्यासपीठं गाजवली. शिक्षणावर तासन्‌तास बोललो.
गेल्या आठवड्यात माणगावच्या एका मुलीचा फोन आला. भातशेती करणाऱ्या घरातली. तिला हीच परीक्षा द्यायची आहे.
"सर, दुकानदार एक सांगतो, क्लासवाले दुसरंच, यूट्यूबवर तिसरंच. बाबांनी जमीन गहाण टाकलीय हो. कुठलं घेऊ?"

"उद्या सांगतो" म्हणून मी फोन ठेवला.
एवढा काळ गेला, आणि मी अजून त्याच होडीवर बसलेलो. हात रिकामे.

रात्री झोप लागत नाही. ही पोरगीही काकांसारखी नापास होऊन घरी परत येईल, आणि आपण तिला "नशीब" म्हणून मोकळे होऊ.

गजाकाका, तुम्हाला आभाळ द्यायला आम्ही कमी पडलो. तुमच्या पायांवर डोकं.

आणि तुम्ही, जे हे वाचताय:
तुमच्यापैकी, तुमच्या नात्यात, ओळखीत, कुणीही ही परीक्षा पास झालं असेल, तर आजच खाली त्यांचं नाव आणि नंबर लिहा. माणगावची ती मुलगी त्यांना फोन करेल. त्यांनी तिच्याशी एकदा बोलावं.