पावसाविना गंजलेले बेंच

"मिस्त्री, पावसाचा थेंब न्हाई, तरी तुमचे बेंच गंजले. पाऊस पडला असता तर विरघळलेच असते की!"

आमच्या दूध संस्थेचे चेअरमन फोनवर ओरडत होते. सात संचालकांसाठी सात बेंच मी दिलते. पाच वर्षांची गॅरंटी, माझ्या सहीची.

"सोमवारी बाजार हाय. सातही तुमच्या वर्कशॉपपुढं मांडतो. बघू दे गावाला."

माझी शाळा चौथीपर्यंत, पण पावडर कोटिंग मला कळतं. कोरडी रंगाची पावडर बंदुकीनं लोखंडावर उडवायची, मग भट्टीत भाजायची. रंग कातड्यासारखा बसतो. टवका उडाला तर मात्र तिथून गंज आत सरकतो.

जाऊन पाहिलं. सातही एकाच जागी टवके उडून गंजलेले, हात टेकायच्या उजव्या दांडीवर. बाकी अंग नव्यासारखं. वाकलो तर वेल्डिंगच्या सांध्यात नारळाची शेंडी.

"साहेब, नारळ कुठं फोडता?"

"बेंचवर. उद्घाटनाला फोडले. मग पावसासाठी दर अमावास्येला. ज्याचा बेंच, त्याचा नारळ."

"कशापायी? शेजारी एवढा दगड हाय!"

"दगडावर फोडला तर देव दगडाला पावंल."

"मग पाऊस आला का?"

"न्हाई."

"गंज आला."

चेअरमन टोपी नीट करू लागले.

गंज पॉलिश पेपरनं घासला, प्रायमर मारला, वर त्याच रंगाचा हात दिला. सांगितलं, "आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसा. तारेची घासणी लावू नका."

"पाणी कुठलं? टँकर तिसऱ्या दिवशी येतो."

"तांब्याभर बास. आमची मंडळी तेवढ्यात दारातला बेंच पुसायची, उरलेलं तुळशीला घालायची."

ती जाऊन वर्ष झालं. आता मी पुसतो. तिच्या बाजूला एक टवका नाही. माझ्या बाजूला आहेत, मी बसल्या बसल्या पाना आपटायचो. त्यावरून ती लई बोलायची. आता आपटत नाही.

काम झालं तसे संचालक जमले. चेअरमननी पिशवीतून नारळ काढला. मी दांडीवर डोकं ठेवलं.

"फोडा. डोक्याची गॅरंटी न्हाई दिली मी."

सगळे संचालक हसले. नारळ दगडावर फुटला. सोमवारी वर्कशॉपपुढं मेथीवाली बसली, बेंच नाही.

तेव्हापासून माझ्या गॅरंटीच्या कागदावर खाली एक ओळ असते : नारळ दगडावर फोडावा. गिऱ्हाईक हसतं. हसू दे, पण त्याची सही त्या ओळीखाली घेतो.