आठव्या मजल्यावर पाणी मागणारे गोकुळभाऊ

गोकुळभाऊ सातव यांना मी ओळखत होतो, असं म्हणायला मला धीर होत नाही. मोताळ्यात आमच्या घरांमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर. पस्तीस वर्षं जाता-येता नमस्कार. पण त्यांची डावी करंगळी कशानं वाकडी झाली, त्यांना चहात साखर किती लागे, ते कधी कशाला घाबरत की नाही, यातलं मला काही ठाऊक नाही. ते गेल्यावर शोकसभेत लोक मला "दोन शब्द बोला" म्हणाले, तेव्हा मी उभा राहिलो, नमस्कार केला आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. खरं म्हणजे काही सुचलंच नव्हतं. मी पंचायत समितीत आवक-जावक कारकून होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर नंबर टाकायचे, एवढंच माझं लेखन. तेव्हा पुढं जे आहे ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं तेवढंच, आणि त्यातही काही चुकलं असेल.

गोकुळभाऊंचं दुकान म्हणजे बाजाराच्या दिवशी जमिनीवर अंथरलेलं एक पोतं. त्यावर दोर, कासरे, वेसणी, बैलांच्या माळा. पण तालुक्यात त्यांचं नाव होतं ते सोयरिकी जुळवण्यासाठी. त्याबद्दल ते काही घेत नसत. लग्नात टोपी आणि उपरणं मिळे, तेवढं मात्र हक्कानं डोक्याला आणि खांद्याला लावून घेत.

त्यांची एक पद्धत होती. मुलाचं घर पाहायला गेले की ते आधी त्या घरात जातच नसत. शेजारच्या दारात उभे राहून पाणी मागत. पाणी पिता पिता चार गोष्टी निघत, आणि तेवढ्यात त्यांचं काम होई.

"घर पाहाले घरात जाऊन काय भेटते?" ते म्हणत. "घरवाले तर आवरूनच बसलेले असतेत."

नांदुऱ्याकडच्या एका स्थळाची गोष्ट ते सांगत. शेजारीण म्हणाली, फार चांगले लोक, फारच चांगले, असे लोक मिळायचे नाहीत. गोकुळभाऊ अर्धा गिलास तसाच ठेवून उठले. "तीन डाव चांगले म्हनाली. येक डाव म्हनली असती त चाललं असतं." उलट दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्यानं अर्धा तास तक्रार केली की यांची म्हैस आमच्या कुडावर शेपूट मारते. तिथं सोयरीक त्याच दिवशी पक्की. लोक ज्याची बारकी तक्रार सांगतात त्याच्याबद्दल मोठी सांगण्यासारखी नसते, असा त्यांचा हिशेब.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नातीचं, पूनमचं स्थळ त्यांनीच आणलं. मुलगा वडनेर भोलजीचा, शंतनु. पुण्यात कंपनीत. वडील राजकुमार यांची वडनेरला शेती आणि खताचं दुकान. वडनेरच्या घराशेजारचं पाणी गोकुळभाऊ पिऊन आले होते, तिथं काही अडचण नव्हती. अडचण माझ्या सुनेची, रेणुकाची होती. आमच्या घरावर पत्रे आहेत आणि पावसाळ्यात दोन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात, पण पूनमसाठी पुण्यात स्वतःचा फ्लॅट असल्याशिवाय रेणुका बोलायलाही तयार नव्हती. मुलाकडून निरोप आला, फ्लॅट घेतला आहे, आठवा मजला. इमारत अजून बांधायची आहे, पण फ्लॅट दाखवतो.

बांधायच्या आधी कसा दाखवणार, हे मला कळलं नाही. विचारायला संकोच वाटला.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी पूनम माझ्याजवळ येऊन बसली. बुलढाण्याच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासण्याचं काम करायची, त्यामुळे बोलणं मोजकं. म्हणाली, "आबा, आई फ्लॅट पाहील. पण गोकुळआजोबा नाही म्हणाले तर आईपण नाहीच म्हणेल. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का? आमचं फोनवर बोलणं झालंय. मला हाच मुलगा पाहिजे."

मी बोलतो म्हणालो. संध्याकाळी त्यांच्या घरापर्यंत गेलो, ते दोर वळत बसले होते, "बरं चाललंय ना" एवढं विचारून परत आलो.

रविवारी पाहुणे आले. शंतनुनं पिशवीतून एक डबा काढला आणि डब्यातून डोळ्यांवर बांधायचा जाडजूड काळा चष्मा. बिल्डरच्या ऑफिसनं दोन दिवसांसाठी दिला होता. हा व्हीआरचा चष्मा, तो म्हणाला, घातला की आपण थेट फ्लॅटमध्येच. चार्जिंग कमी आहे, जरा पटापट पाहा.

माझा मुलगा गोपाल विज्ञानाचा शिक्षक. त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं की हा दृष्टिभ्रम आहे, मेंदू फसतो, डोळ्यांना अपायही होतो, सुशिक्षित माणसानं वाहवत जाऊ नये. मग चष्मा सगळ्यात आधी त्यानंच घातला आणि गॅलरीत गेल्याबरोबर खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून "बापरे" म्हणाला. पुढची दहा मिनिटं तो चष्मा सोडायला तयार नव्हता.

रेणुकानं स्वयंपाकघर पाहिलं. हात पुढं करून तिनं काळ्या ओट्यावर बोट फिरवलं. तिथं आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर होतं, ते खाली पडलं. "ओटा उंच आहे," ती म्हणाली, "पूनमचा हात पुरेल. देवघर कुठंय?"

"हॉलच्या कोपऱ्यात करता येईल, काकू," शंतनु म्हणाला.

"पूर्व कोणती?"

त्यानं पूर्व दाखवली. रेणुकानं तिकडं तोंड करून हात जोडले. समोर राजकुमार बसलेले होते, त्यांनी गडबडून नमस्काराला नमस्कार केला.

माझी थोरली बहीण मनकर्णाबाई ऐंशीची. ही सगळी नजरबंदी आहे, यानं घराला दृष्ट लागते, मी हात लावणार नाही, असं ती सकाळपासून म्हणत होती. शेवटी चष्मा चढवला तो डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढून, कारण घर पोरीच्या सासरचं. उंबरठा असेल म्हणून पाय उंच उचलला. "उंबरठाच नाई त घर कायचं," म्हणाली, आणि "पुन्यांदा दाखव बरं" म्हणून परत बांधून घेतला.

मलाही घातला. मी डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळानं "छान आहे" म्हणालो. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी गोकुळभाऊ. ते टोपी काढत नसत, म्हणून पट्टा टोपीवरूनच आवळला.  ते नुसते हळूहळू फिरत होते.

"बाहीर जायाचं दार कुठी हाय?"

"तुमच्या डाव्या हाताला, आजोबा. पण ते उघडत नाही. नुसतं दाखवायला आहे."

"दाराच्या बाहीर काय हाय?"

"पॅसेज असणार. समोर दुसरा फ्लॅट."

"तिथी कोन राह्यते?"

"अजून कुणी नाही."

"मंग पानी कोनाले मांगू?"

सगळे हसले. पूनम हसली नाही, ती आतल्या दारात उभी होती. गोकुळभाऊंनी पट्टा सोडला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "घर मस्त हाय. तुमी पाह्यलं. म्या नाई पाह्यलं. म्या जाऊन येतो पुन्याले."

राजकुमारांना ते लागलं. "सातवभाऊ, पोरानं येवढं डोळ्यानं दाखवलं. आमच्यावर भरोसा नाई का?"

"भरोसा हाय म्हनून त जातो. नसता त इथंच नाई म्हनलो असतो."

शंतनुचा चेहरा त्या वेळी उतरला, हे मी पाहिलं. पण मी पाहिलेल्या गोष्टी बऱ्याचदा चुकीच्या निघतात, म्हणून गप्प बसलो.

घरचं कुणी तरी बरोबर हवं, आणि गोपालच्या शाळेत परीक्षा, म्हणून मी गेलो. बुलढाण्याहून पुण्याच्या गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. एवढ्या प्रवासात गोकुळभाऊ मला तीनदा काहीतरी म्हणाले, त्यात दोनदा "खिडकी लावू का?"

पत्ता शोधत गेलो तर शहर संपून गेलेलं. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं कुंपण, त्यावर भलंमोठं रंगीत चित्र, त्यात गॅलरीत हसणारं जोडपं. शेजारी बिल्डरचं ऑफिस, काचेचं, थंडगार. पत्र्याच्या आत मोठा खड्डा. खड्ड्यात गुडघाभर हिरवं पाणी आणि त्यातून वर आलेल्या गंजलेल्या सळया. आठवा मजला जिथं असायला हवा होता तिकडं गोकुळभाऊंनी मान वर करून पाहिलं. तिथं एक घार फिरत होती.

कुंपणाला लागून रखवालदाराचं खोपट होतं. गोकुळभाऊंचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "शेजारी भेटला," ते मला म्हणाले, आणि जाऊन पाणी मागितलं.

रखवालदार जालन्याकडचा निघाला. म्हणाला, काम चार महिन्यांपासून बंद आहे, कधी सुरू होईल सांगता येत नाही. रविवारी लोक येतात, ऑफिसात चष्मा लावून घर बघतात, हसत बाहेर पडतात आणि गाडीत बसून जातात. खड्ड्याकडं कुणी पाहत नाही. "एकच पोरगं येतं. बारीक, नंबरच्या चष्म्याचं. पत्र्याच्या फटीतून बघतं आन् इचारतं, काका, एक तरी सळई वाढली का? कुण्या गावचं इचारलं तर वडनेर म्हनलं."

म्हणजे शंतनुला सगळं माहीत होतं.  गोकुळभाऊंनी गिलास पूर्ण रिकामा केला, उपरण्यानं मिशी पुसली आणि म्हणाले, "चाला, आता पोराचं घर पाहू. जिथी राह्यते ते."

शंतनु भाड्याच्या एका खोलीत राहत होता. तो कामावर गेला होता. शेजारच्या दारात गोकुळभाऊंनी पाणी मागितलं. शेजारीण पाणी घेऊन आली आणि उभ्या उभ्या सुरू झाली. हा मुलगा ना, सकाळी सहाला कुकर लावतो, आणि शिट्ट्या मोठमोठ्यानं मोजतो, आमची झोपमोड. भांडी घासून आमच्या कठड्यावर वाळत घालतो. आणि गावाकडच्या फोनवर इतका ओरडतो, काय सांगू.

गोकुळभाऊ खूश होऊन ऐकत होते. अजून एक गिलास मागून घेतला.

परत आलो त्या दिवशी बैठकीत सगळे जमले. वडनेरकर नव्हते, घरचेच. गोकुळभाऊ म्हणाले, "फ्लॅट नाई. खड्डा हाय. काम बंद हाय. पोराले ठाऊक होतं."

 रेणुका म्हणाली, "असं कसं? मी पाहिला ना फ्लॅट. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ओटा काळा आहे."

"पोरी, आमी तिथून आलो."

"तुम्ही बाहेरून पाहिलं असेल. मामाजी, तुम्ही सांगा."

मामाजी म्हणजे मी. पूनम माझ्याकडं पाहत होती. मी आयुष्यात कधी कुणाच्या लग्नात बोललो नाही, माझ्या स्वतःच्यासुद्धा. म्हणालो, "खड्डाच आहे." पूनमनं मान खाली घातली. पुढचं, म्हणजे पोरगा चांगला आहे हे वाक्य, माझ्या तोंडाशी येऊन थांबलं.

ते गोकुळभाऊंनी सांगितलं. "पोराले दोन शेजारी हायेत. दोघाईनं बारीक सांगतलं, मोठं कोनी नाई. खोटं बोलला ते त्यानंच सांगावं. लावा फोन."

गोपालनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. शंतनु आधी अडखळला. मग म्हणाला, "काकू, काम बंद आहे हे मला माहीत होतं. सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. बाबांनापण सांगितलेलं नाही. चुकलं माझं. फ्लॅट होईल की नाही ते मला आजही सांगता येत नाही."

गोकुळभाऊ म्हणाले, "मह्या बाजूनं हो हाय."

आता रेणुका काय म्हणते याकडं सगळ्यांचं लक्ष. तिनं पदर सारखा केला. "खड्डा काय, प्रत्येक इमारतीला आधी खड्डाच असतो," ती म्हणाली. "फ्लॅट आहे तो आहे. मी पाहिलाय." आणि साखर आणायला आत गेली.

लग्न झालं. गोकुळभाऊंना टोपी-उपरणं मी दिलं, टोपी जरा वाकडी बसली. मांडवात रेणुका पाहुण्यांना आठव्या मजल्याचा ओटा हातानं मापून दाखवत होती. मनकर्णाबाई तिथं उंबरठा नसल्याचं सांगत होती. आमच्यातली खड्डा पाहिलेली दोन माणसं तेवढी जेवणाच्या रांगेत गप्प उभी होती. पूनम आणि शंतनु अजून त्या एका खोलीतच राहतात.

गोकुळभाऊ मागच्या वर्षी दिवाळीनंतर गेले. त्याआधीच्या बाजाराच्या दिवशी ते पोतं गुंडाळत होते, मी पिशवी घेऊन बाजूनं चाललो होतो. त्यांनीच हाक मारली.

"पूनमचा फोन येते का?"

"येते."

"काय म्हंते?"

"काई नाई. तिकडं कांदा महाग झाला म्हंते."

"मंग येईल तवा इथून घेऊन जाय म्हना."

"सांगतो."

"चाला. मह्यी एसटी निघते. नांदुऱ्याले येक घर पाहाचं हाय."

"या."