पेढे न आणणारे विद्यार्थी

संगणकाच्या पदवीसाठी कर्ज काढावे का, आणि काढायचे तर कशाच्या भरवशावर, या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी हे लिहायला बसले. शोधताना पुन्हा पुन्हा आठवले ते महाजन सर. नव्वदच्या दशकात सुरतेत, लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेत, ते गणित शिकवत.

सरांची एक सवय सर्वांना ठाऊक होती. माजी विद्यार्थ्याला नोकरी लागली की तो पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत येई. आमच्याकडे तशी पद्धतच होती. सर आधी पेढा तोंडात टाकत, डोळे मिटून तो संपवत आणि मग विचारत, "छान. आता पगार सांग." आकडा ऐकून ते हुरळत नसत. "हा झाला वरचा पगार. खोलीभाडं, खानावळ, घरी पाठवतोस ते, सगळं वजा कर. खाली काय उरतं? कर्जाचा हप्ता त्या उरलेल्यातून जातो बाबा, वरच्यातून नाही." मुलगा बोटांवर हिशेब करू लागे, तोवर सर दुसरा पेढा उचलत.

बारावीला मला चांगले गुण मिळाले, तेव्हा वडील मला घेऊन त्यांच्याकडे गेले. वडील उधन्याच्या एका कापड गिरणीत कामाला होते, आणि घरची अहिराणी ते कोणासमोरही बदलत नसत. "सर, मन्ही पोरले कम्प्युटर शिकनं शे. तुम्हीच सांगा, कोठे धाडू?"

सरांनी महाराष्ट्रातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव घेतले. तिथली फी भारी होती. "पण तिथून शिकून आलेल्यांनी मला पेढे दिलेत, रावसाहेब. हप्ता भरूनही त्यांच्या हाती उरतं." वडिलांनी गिरणीच्या पतपेढीत अर्ज केला. त्यांच्या खात्यातले दोघे जण जामीन राहिले. आमचा हप्ता थकला असता, तर तो त्या दोघांच्या पगारातून कापला गेला असता. मी मात्र वसतिगृहात कोणत्या रंगाची बादली न्यावी, या विचारात होते.

कर्ज मंजूर व्हायच्या आधीच्या रविवारी सर आपल्या ल्यूना मोपेडवरून घरी आले आणि चहाला नको म्हणाले. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

"रावसाहेब, अर्ज थांबवा. माझं गणित चुकलंय."

"काय व्हयनं सर?"

"काल कापड मार्केटात आपल्या शाळेतला दिलीप दिसला. त्याच कॉलेजातून संगणक शिकलेला. मला पाहून साड्यांच्या गठ्ठ्यांमागे लपला! एवढा उंच पोरगा, लपणार कुठं? डोकं वरच राहिलं." आई हसली, सर हसले नाहीत. "वर्षानुवर्षं मी पेढे आणणाऱ्यांनाच विचारत आलो. ज्यांना नोकरी लागली नाही, ते कशाला पेढे घेऊन येतील? माझी सगळी सरासरी पेढ्यांवर उभी होती."

त्याच दुपारी मला ल्यूनावर मागे बसवून ते दिलीपच्या घरी गेले. दिलीप एका साडी व्यापाऱ्याच्या दुकानात संगणकावर बिले बनवायचे काम करत असे; रविवार म्हणून तो घरीच होता.

"सर, तोंड दाखवायची लाज वाटली."

"अरे, लाज मला वाटायला हवी. मी कधी तुझ्याकडे आलोच नाही. बस इथं. कॉलेजचं खरं काय ते हिला सांग."

दिलीपने महाविद्यालयाला वाईट म्हटले नाही. कंपन्या येत, वरच्या क्रमांकांची मुले निवडून नेत. बाकीच्यांनी आपापले पाहायचे. त्याचा हप्ता त्याचे वडील यंत्रमागावर जादा पाळी करून भरत होते. निघताना तो मला म्हणाला, "तुला मिळेलही नोकरी. पण नाही मिळाली तर हप्ता कोण भरणार, एवढं घरात विचार."

पुढचे काही दिवस, त्याच कॉलेजातून शिकलेल्या पण पेढे न आणलेल्यांना शोधत, आम्ही उधना, कडोदरा असे फिरलो. कोणी शिकवण्या घेत होते, कोणी घरीच होते. एकीला उत्तम नोकरी होती, नुसते पेढे आणायचे राहून गेले होते. सरांनी ते जागच्या जागी वसूल केले.

परतताना मी विचारले, "सर, मी त्या वरच्या मुलांत असेन ना?"

"असशील, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर दोन माणसांचा पगार अडकवायचा का, ते तू ठरव."

घरी पोचल्यावर मी अर्ज मागे घ्यायला सांगितले. वडील कुरकुरले, "आते गावले काय सांगू? सगळासले सांगी टाकेल शे!"

"माझं नाव सांगा," सर म्हणाले. "मास्तरचं डोकं फिरलं म्हणा." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला.

मी सुरतेतच गणिताची पदवी घेतली आणि नंतर, जामिनाची गरज न पडणारे छोटे कर्ज काढून, संगणकाचे पदव्युत्तर शिक्षण केले. माझा पहिला पगार पेढे आणणाऱ्यांपेक्षा कमीच होता. सर निवृत्त होऊन धुळ्याला निघाले, तेव्हा स्टेशनवर मी त्यांना विचारले, "सर, आपलं बरोबर ठरलं का हो?"

खिडकीतून ते म्हणाले, "एका मुलीवरून नियम काढू नकोस. मी चार मुलांवरून काढला होता, काय झालं ते पाहिलंस ना?"

तेव्हा माझ्या अनुभवालाही उत्तर समजू नका. जिथे प्रवेश घ्यायचा आहे, तिथल्या ज्या विद्यार्थ्यांविषयी कोणीच बोलत नाही, त्यांतल्या काहींच्या घरी जा. महिनाअखेर हाती काय उरते, ते विचारा. आणि कृपया, स्वतः पडताळून पाहा.