मेंढ्यांमागची घोडी

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी वापरून बघितल्याशिवाय येत नाही. मिक्सरसुद्धा मी शेजारणीचा आठवडाभर वापरला आणि मगच चौसाळ्याला जाऊन नवा घेतला. त्यामुळे आठ वर्षांच्या लेकीने घोडीचा हट्ट धरला आणि आमचे हे लगेच विरघळले, तेव्हा मी सांगितलं, आधी महिनाभर भाड्याने आणा. जमलं तर ठेवू.

आमच्याकडे भाड्याची घोडी मिळते कुठे, या भरवशावर मी होते. पण ज्वारी काढून झाली आणि खतासाठी आमच्या रानात धनगराच्या मेंढ्या बसल्या. त्यांच्या बिऱ्हाडात एक बुटकी तांबडी घोडी होती. यांनी लगेच बोलणी केली. भाडं ठरलं कडबा आणि बोअरचं पाणी. लेकीसाठी ऑनलाइन हेल्मेट आलं, यांच्या शाळेतल्या मास्तरमंडळींच्या ग्रुपवर हेल्मेट घातलेल्या लेकीचा फोटोही गेला. घोडी अजून अंगणात यायची होती.

आली, आणि उभी राहिली. लेक पाठीवर, हे पुढून दोर ओढताहेत, शेजारीपाजारी बघताहेत. हरभरे दिले, गूळ दिला. टाचा कशा मारायच्या ते यांनी मोबाइलवर बघून लेकीला समजावलं. घोडीने गूळ खाल्ला आणि पुन्हा उभी राहिली. शेवटी मीच धनगरणीला विचारायला गेले.

"ती एकली न्हाई चालायची, बाई," ती म्हणाली. "मेंढ्या म्होरं पायजेत तिला."

जन्मभर ती मेंढ्यांच्या मागेच चालली होती, पाठीवर भांडी, कोंबड्या आणि लहान लेकरं घेऊन. पुढे मेंढ्या नसल्या की चालावं कशाला, हेच तिला कळत नसे. मग रोज संध्याकाळी आमच्या घोडेस्वारीची मिरवणूक निघायला लागली. पुढे मेंढ्या, मागे घोडी, तिच्यावर हेल्मेटवाली लेक, आणि सगळ्यांत मागे धूळ खात, लेंड्या चुकवत हे. यांनी काढलेल्या व्हिडिओंत लेकीपेक्षा मेंढ्यांच्या पाठीच जास्त. मी दारात उभी राहून पोटभर हसून घ्यायची.

हळूहळू हेल्मेटात धनगरणीची कोंबडी बसायला लागली आणि लेक काखेत कोकरू घेऊन घोडीशेजारून पायीच चालायला लागली. घरी यायची ती अंगाला लोकरीचा वास घेऊन. मोबाइल न मागता दोन भाकरी खायची आणि ताटावरच पेंगायची. आपली पोर अशीही असते, हे मला माहीत नव्हतं. मला फार बरं वाटायचं.

बिऱ्हाड हलायची वेळ आली. यांनी घोडी विकत मागितली, धनगर तयार झाला. सोबत दोन मेंढ्याही घ्या, म्हणजे चालेल, असंही त्याने सुचवलं. या वेळी मीच आधी हो म्हटलं आणि मोठ्या तोऱ्यात लेकीला बोलावून सांगितलं, घोडी आता तुझी.

तिने नाही म्हणून मान हलवली. घोडीला इथे करमणार नाही म्हणाली. मग काय करायचं, यांनी विचारलं.

"मलाच दे की महिनाभर त्यांच्याकडं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "जमलं तर ठेवतील."

हे खो खो हसले. मला हसू आलं नाही. मेंढ्या रस्त्याला लागल्या, मागून घोडी निघाली, आणि ती वळणाआड जाईपर्यंत मी लेकीचं मनगट घट्ट धरून ठेवलं.