जाते गं

रामनगरच्या बाजारात रानातल्या कंदांना चिकटलेल्या लाल मातीचा वास आला आणि आत्या आठवली. कुंभारवाड्यापलीकडच्या आमच्या राईत कंद खणून निघताना ती झाडांकडे वळून 'येते गं' म्हणायची. एखादं पान हललं की 'ये म्हणाली बघ' म्हणत चालू लागायची. आम्ही तिथलं घर कायमचं सोडलं, त्या सकाळी मात्र ती राईला म्हणाली, "जाते गं." मी दचकलो. "आत्ये, येते म्हण की!" "खोटं कसं बोलू? तिला समदं कळतंय." टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तरी ती उभीच राहिली. एकही पान हललं नाही. आता आत्याही नाही. आज बाजारातून निघताना त्या कंदांकडे बघून माझ्या तोंडून 'येतो' निसटलं, आणि त्या खोट्यालाही मागून कुणी 'ये' म्हणेल या धास्तीनं मी वळून बघितलंच नाही.